उद्यमनगरजवळचं बिनबोर्डाचं सायकल दुकान: पाच वर्षांच्या रोजच्या सायकलीनंतरचा रिव्ह्यू

दुकानाला बोर्ड नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या अलीकडं एका गल्लीच्या तोंडाला पत्र्याचं शेड आहे, छताला टांगलेले जुने टायर आणि दारात पाण्यानं भरलेलं घमेलं, एवढीच खूण. दुकान चालवणाऱ्या मामांनी नाव-नंबर कुठं टाकू नका म्हणून सांगितलंय, हाताखाली एकच पोरगं आहे आणि गर्दी झाली की काम नीट होत नाही म्हणतात, त्यामुळं टाकत नाही. त्या भागात सायकलवाले मामा म्हणून विचारलं तर कुणीही दाखवेल.

मी फुलेवाडीतनं उद्यमनगरला एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघायला जाते, २०२० च्या नोव्हेंबरपासनं सायकलनं. रंकाळ्याच्या कडेनं टॉवर, तिथनं खरी कॉर्नर, मिरजकर तिकटी, उमा टॉकीज, मग उद्यमनगर. एका बाजूला पाच-सहा किलोमीटर पडतंय, म्हणजे काही फार नाही, पण ह्या पाच-सहा किलोमीटरमध्ये सायकलवाल्याला जे जे भोगावं लागतं ते सगळं आहे. रविवारी पन्हाळ्याला जाणारे ग्रुप वेगळे, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण पाऊस असो, ऊस असो, रोज नऊला कामावर हजर व्हायचं असेल तर गरजा वेगळ्या होतात आणि त्या गरजा समजणारं दुकान मला गावात हे एकच सापडलं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

सायकल घेतली ती एका शोरूममधनं, २६ इंची चाकं, गिअरची, पुढं शॉकअप, जाड गुट्ट्यांचे टायर. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा वेगळी विकत घ्यावी लागली. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं, दिसायला दणकट वाटली, घेतली. पहिल्या तीन महिन्यांत सायकल सोडून द्यायच्या बेताला आले होते, कारण पंक्चर. जानेवारीत तीन आठवड्यांत मागचं चाक चार वेळा बसलं. शोरूमला नेलं की ते पॅच मारून द्यायचे, परत चार दिवसांनी तेच. शेवटी म्हणाले टायरच खराब आहे, दोन्ही नवीन घाला. तीन महिन्यांच्या सायकलीला नवीन टायर! घरात सगळे म्हणायला लागले गाडी घे, कशाला हा त्रास, आणि मला रडू यायचं बाकी होतं, कारण सायकल मला मनापासनं आवडायला लागली होती, सकाळी रंकाळ्यावरचं वारं अंगाला लागतं ना, ते बसमध्ये किंवा गाडीवर तसं लागत नाही.

वर्कशॉपमधल्या एका कामगारानं मामांचं दुकान दाखवलं. मी सायकल ढकलत नेली. मामांनी हातात पाना घ्यायच्या आधी विचारलं, "ताई, रोज कुठनं कुठं जातासा?" मी रस्ता सांगितला. तर म्हणाले, "मग टर्निंगच असणार बघा." टर्निंग म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातताना निघणारा पीळदार कीस. उद्यमनगरात लेथ किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, स्क्रॅपची गाडी खड्ड्यात आपटली की टर्निंग रस्त्यावर सांडतं, गाडीच्या टायरला त्याचं काही वाटत नाही, सायकलच्या टायरला लगेच घुसतं. आणि गुट्ट्यांचा टायर असला की ते गुट्ट्यांमध्ये अडकून बसतं आणि प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं आत जातं.

पुढचं काम मी बाजूला उभं राहून नीट बघितलं. टायर काढायच्या आधी त्यांनी व्हॉल्व्हच्या जागी टायरवर खडूनं रेघ मारली. मग ट्यूब काढून हवा भरून घमेल्यात फिरवली, बुडबुडे आले, ते भोक व्हॉल्व्हपासनं किती वितीवर आहे ते मोजलं, आणि तेवढ्याच वितीवर टायर हातात धरला. शोरूमचे आधीचे तीन पॅच बघितले तर दोन त्याच जागेच्या शेजारी-शेजारी होते. मग कॉटन वेस्टचा बोळा घेऊन टायरच्या आतनं त्या जागी हळूच फिरवला. हात थेट फिरवला तर बोट कापतं म्हणाले. बोळ्याचा एक धागा अडकला. तिथनं चिमट्यानं जे काढलं ते तांदळाच्या कणीएवढं, पीळ पडलेलं, निळसर पोलादाचं टोक होतं. लेथवर तापून स्टीलला तो निळा रंग येतो हे मला वर्कशॉपमध्ये बसून माहीत होतं, पण आपल्याच टायरमधनं निघेल असं वाटलं नव्हतं. शोरूमवाले ते तुकडं टायरमध्ये तसंच ठेवून प्रत्येक वेळी ट्यूबला पॅच मारत बसले होते. पॅचचे ३० रुपये घेतले, आणि तो तुकडा कागदात बांधून माझ्या हातात दिला.

त्या दिवशी त्यांनी जे शिकवलं ते मी अजून वापरते आणि इथं लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे टायरकडच्या बाजूला असलं तर काटा, काच नाहीतर टर्निंग. भोक आतल्या अंगाला, रिमकडं असलं तर तारेचं टोक वर आलंय किंवा रिम टेप, म्हणजे तारांची टोकं झाकणारी रिमवरची पट्टी, सरकलीय, टायर कितीही बदला, पंक्चर होतच राहणार. आणि दोन भोकं शेजारी-शेजारी, सापानं चावल्यासारखी असली तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली. हवा अंगठ्यानं दाबून बघायची आपली सवय असते, ती मामांनी बंद करायला लावली. टायरच्या कडेला हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो, माझ्यावर ४० ते ६५ पीएसआय आहे, दर आठवड्याला मीटर लावून भरायची, मागच्या चाकात जास्त कारण वजन सगळं मागं असतंय. गुट्ट्यांचे टायर काढून २६ बाय १.७५ चे साधे गुळगुळीत घातले, जुने टायर त्यांनी विकत घेऊन किमतीत वळते केले. त्यानंतर पंक्चर वर्षाला दोन-तीन. उद्यमनगरात रोज जाणाऱ्या सायकलला हे खूप चांगलं आहे.

ब्रेकची गोष्ट जास्त गंभीर. २०२१ चा जून, पहिला मोठा पाऊस, मिरजकर तिकटीकडं जाताना पुढची रिक्षा पॅसेंजर दिसला म्हणून गपकन थांबली. मी दोन्ही ब्रेक पूर्ण आवळले आणि सायकल थांबलीच नाही, नुसती फिसफिस आवाज करत पुढं जात राहिली आणि मी रिक्षाच्या मागं जाऊन आदळले. गुडघा फुटला, हँडल वाकडं झालं, रिक्षावाला चांगला होता, उतरून सायकल उचलायला मदत केली. मला वाटलं ब्रेकची रबरं झिजली असतील. मामांनी रबरं बघितली, ठीक होती. मग रिमवर नख घासून दाखवलं. लोखंडी रिम, वर क्रोम. क्रोम आरशासारखं गुळगुळीत असतं, पाणी पडलं की रबर त्या पाण्यावरनं घसरतं, चाक चार-पाच फेरे फिरून रिम पुसली गेल्याशिवाय ब्रेक पकडतच नाही. ॲल्युमिनियमची रिम ओली असली तरी बऱ्यापैकी धरते. तेव्हा बसवून घेतल्या दोन्ही रिमा, हब (चाकाच्या मधला तुंबा) तेच ठेवून, तारा नवीन. खर्च झाला, माझ्या हिशोबानं बराच झाला, पण पुढच्या आठवड्यातल्या पावसात पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हाच फरक कळला. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कसा पाऊस असतो ते काय सांगायचं, आणि अशा गावात लोखंडी रिमची सायकल रोजच्या वापराला म्हणून विकतात आणि विकताना एक शब्द बोलत नाहीत ह्याचा मला अजून राग येतो. नवीन सायकल घेणाऱ्यांनी रिमला लोहचुंबक लावून बघा, एवढं तरी करा. डिस्क ब्रेक असेल तर हा प्रश्न नाही.

मडगार्डबद्दल बोलायला लागले तर संपणार नाही. मडगार्ड नसलेल्या सायकलवर पावसात कामाला जाणं म्हणजे पाठीवर चिखलाचा एक सरळ पट्टा घेऊन ऑफिसला पोचणं. शोरूममध्ये जी प्लास्टिकची छोटी चमचा-टाईप मडगार्डं मिळतात त्यांनी काही होत नाही, पाणी बाजूनं उडतंच. मामांनी जुन्या काळ्या सायकलीला असतं तसं पूर्ण लांबीचं पत्र्याचं मडगार्ड बसवलं, पुढच्याच्या खाली रबराचा फ्लॅप लावला म्हणजे बुटावर पाणी येत नाही, मागच्याच्या शेपटाला पांढरा पट्टा रंगवला आणि लाल रिफ्लेक्टर. पहिले सगळ्या सायकलींना असा पांढरा पट्टा असायचा, माझ्या वडिलांच्या सायकललापण होता. चेनला अर्धं कव्हर बसवलं, त्यासाठी पुढचा एकच दात्रा (पायडलजवळची दातांची चकती) ठेवून बाकीचे दोन काढले, मला त्यांची गरजही पडत नव्हती. ड्रेस घालून सायकल चालवणाऱ्या बायकांना ओढणी आणि सलवारचं टोक चेनमध्ये जाण्याची भीती किती असते ते त्यांनाच माहीत. माझी ओढणी एकदा गेली होती, रंकाळा टॉवरपाशी, गळ्याला हिसका बसला आणि ती कापूनच काढावी लागली. शोरूमचा माणूस तेव्हा म्हणाला होता की ह्या मॉडेलला चेनकव्हर येत नाही, विषय संपला. मामांनी पत्रा कापून बसवलं.

ऊस सुरू झाला की रस्ता वेगळाच होतो. गगनबावडा रोडनं, राधानगरी रोडनं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात, वर टेप लावलेला, ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही, आणि ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगाला ऊस हातभर आलेला असतो. डोळ्याच्या उंचीला. ट्रॉलीच्या डाव्या बाजूनं पुढं जायचं नाही हे मी ठरवूनच टाकलंय, कितीही उशीर होऊ दे, कारण खड्डा चुकवायला ट्रॅक्टर डावीकडं आला की सायकलला जायला जागाच नसते. दुसरं म्हणजे रस्त्यावर पडलेली उसाची कांडी. गाडीखाली चिरडलेली असेल तर काही नाही, पण अख्खं कांडं चाकाखाली आलं की लाटण्यासारखं फिरतं आणि पुढचं चाक जागेवरनं सरकतं. एकदा पडलेय, हळू होते म्हणून वाचले. आणि चिरडलेल्या उसाचा चिकटा चेनला, टायरला बसतो, त्यावर धूळ बसते. डिसेंबर ते मार्च मामा मला दर महिन्याला चेन धुवायला बोलावतात, रॉकेल मिळत नाही तर डिझेलनं ब्रश मारून धुतात, पुसून कोरडी करून मग तेल. अंधार लवकर पडायचे दिवस असतात म्हणून मागचा लाइट चालू आहे का ते प्रत्येक वेळी स्वतः बघतात. मी लाइटबद्दल काही विचारलेलं नसतं तरी.

आणि महापूर. २०२१ च्या जुलैत माझी सायकल बहिणीच्या घरी शाहूपुरी कुंभार गल्लीत होती. त्या दिवसांत आपण सगळे सकाळी उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, त्या वर्षी पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. बहिणीनं माणसं आणि कागदपत्रं हलवली, सायकल राहिली, तिला तेव्हा सायकलचं कसं सुचणार. पाणी उतरल्यावर सायकल मिळाली ती पूर्ण चिखलात, दिवसभर धुतली तर वरनं चांगली दिसायला लागली, चाक पण फिरत होतं. शेजारी म्हणाले काही झालं नाही, चालव.

मामा म्हणाले चालवू नका, आधी उघडू. मागचा हब उघडला तेव्हा आतलं ग्रीस पिवळं असायला पाहिजे ते दुधाच्या चहासारखं झालं होतं, बोटावर घेतलं तर कचकच लागत होतं, वाळू होती. त्यांनी कापडावर छर्रे ओतले, मागच्या हबचे एका बाजूला ९, पाव इंची, पुढच्याचे एका बाजूला १०, ते बारीक, ३/१६ चे. एकेक उजेडात धरून बघितला, ज्यांच्यावर काळे डाग पडले होते ते बाजूला टाकले, आणि म्हणाले एक खराब असला तरी सगळे नवीन घालायचे, नाहीतर छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते वाटी-कोन खातात. छर्रे काय फार महाग नसतात, कोन आणि वाटी जास्त पडते, म्हणून वेळेत बदलायचे. त्यांच्या दुकानात त्या आठवड्यात पुराच्या पंधरा-वीस सायकली उभ्या होत्या, दूधवाल्यांच्या, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या, शाळेतल्या मुलींच्या, आणि त्यातल्या पेपरवाल्या पोरांच्या त्यांनी आधी घेतल्या कारण त्यांचं रोजचं पोट त्यावर आहे. माझी सायकल नवव्या दिवशी मिळाली आणि मला त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. सामानाचे पैसे घेतले, मजुरी कुणाकडनंच घेतली नाही.

काळ्या सायकलींचं सामान त्यांच्याकडं भरपूर आहे. ॲटलास सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनालाच बंद झाला, तेव्हा गिऱ्हाईकं विचारायला लागली होती की आता आमच्या सायकलीचं काय. मामांचं म्हणणं, ह्या सायकलींची मापं सगळ्या कंपन्यांची एकच, सामान मिळत राहणार. मिळतंय पण.

आता जे पटत नाही ते पण लिहिते, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. एक, वेळ. उद्या देतो म्हणाले की परवा समजायचं, गणपती-दसऱ्याच्या आधी आणि शाळा सुरू व्हायच्या वेळेला तीन-चार दिवस धरून चालायचं. ज्याची सायकलशिवाय अडचण होते त्यानं मोठं काम सुट्टीला जोडून द्यावं. दोन, चेनला ते सवयीनं गाडीचं जळकं ऑइल लावायचे. ते लय चिकट असतं, उन्हाळ्यात धूळ धरून काळी पेस्ट होते, पायजम्याला लागली की निघत नाही. मी त्यांच्याशी ह्यावरनं बरंच बोलले, आता माझ्या सायकलला मी आणून दिलेलं पातळ तेल लावतात, बाकीच्यांना अजून जळकंच. तुम्ही आधी सांगा. तीन, बारीक ७०० सी च्या, म्हणजे रेसिंग टाईप सायकलींच्या चाकांच्या मापाच्या, ट्यूबा त्यांच्याकडं नसतात आणि हायड्रॉलिक डिस्कला ते हात लावत नाहीत, सरळ सांगतात मला जमत नाही, दुसरीकडं न्या. हे मला आवडतं, पण भारी सायकलवाल्यांना चालत नाही. बिल मिळत नाही. सोमवारी बंद.

दर सांगते, मी दिलेले: पंक्चर पहिले ३० होतं आता ४०, चाकाचा आउट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक तारा आवळून सरळ करायला, १०० एका चाकाचे, आणि आउट काढताना बोटानं तारा वाजवून आवाजावरनं ताण बघतात, सैल तारेचा आवाज बद्द येतो, ते ऐकण्यासारखं असतं. पूर्ण ओव्हरहॉलिंग ६००, सामान वेगळं. हवा फुकट, आणि मीटर लावूनच.

बाकी ज्या गोष्टी दुकानाच्या हातात नाहीत त्या नाहीतच. लावलेल्या गाडीचं दार अचानक उघडणारे, गटारीच्या जाळ्या ज्यांच्या फटी रस्त्याच्याच दिशेनं असतात आणि बारीक टायर थेट आत जातो (हे एक कारण की मामा रोजच्या सायकलला १.७५ पेक्षा बारीक टायर घालू देत नाहीत), स्कूल व्हॅन, रंकाळ्याच्या वळणावर पहाटे मागं लागणारी कुत्री. कुत्र्यांसाठी मी उतरून सायकल मध्ये धरून चालते, दोन मिनिटं जातात पण मागं लागत नाहीत. मागनं चिकटून हॉर्न मारणाऱ्यांचं काय करायचं ते मला पाच वर्षांत कळलेलं नाही, बाजूला व्हायला जागाच नसते, बाजूला खड्डा असतो म्हणूनच मी मध्ये असते, हे त्यांना कसं सांगणार. मामांनी आरसा लावून दिलाय उजव्या हँडलला, त्याचा उपयोग होतो, मागं वळून बघताना सायकल हलते ती हलत नाही.

दुकान सकाळी दहाला उघडतं, संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत असतं. उद्यमनगरात नऊला हजर व्हायचं असेल तर सकाळी सायकल दारात लावून जाऊ नका, चोरीला जाईल म्हणून ते ओरडतात, संध्याकाळी सुटल्यावर द्या. मी येत्या शनिवारी नेणारे, मागच्या टायरची जाळी दिसायला लागलीय.